कोणते एल्फिन्स्टन? ब्रिटिश इतिहासातली एकाच नावाची माणसं वेगळी कशी ओळखायची

मुंबईतल्या एल्फिन्स्टन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते एल्फिन्स्टन वेगळे, आणि २०१८ साली ज्या स्टेशनचं नाव बदलून प्रभादेवी झालं त्याला ज्यांचं नाव होतं ते वेगळे. पहिले माउंटस्टुअर्ट, दुसरे त्यांचे पुतणे जॉन. दोघंही मुंबईचे गव्हर्नर होते, त्यामुळे नुसतं ‘गव्हर्नर एल्फिन्स्टन’ लिहून काहीच साधत नाही. तिसरे एल्फिन्स्टन म्हणजे जनरल विल्यम, माउंटस्टुअर्टचे चुलतभाऊ. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना जी फौज जवळपास सगळी कापली गेली, तिचे ते सेनापती. आता गंमत बघा. माउंटस्टुअर्ट स्वतःही १८०८-०९ मध्ये शाह शुजाच्या अफगाण दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचे वकील, म्हणजे राजदूत, म्हणून गेले होते, आणि काबूलच्या राज्यावर त्यांनी मोठा ग्रंथही लिहिला. म्हणजे ‘एल्फिन्स्टन’ आणि ‘काबूल’ एकाच वाक्यात सापडले तरी माणूस ठरत नाही.

गावाचा इतिहास लिहिणारे, मराठी विकिपीडियावर काम करणारे, जुन्या इंग्रजी कागदांचं भाषांतर करणारे आणि स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढणारे, सगळ्यांना हा घोळ कधी ना कधी भेटतो. चुका दोन जातींच्या असतात. दोन माणसांचं एक करणं ही पहिली. ती लवकर पकडली जाते. एका माणसाची दोन माणसं करणं ही दुसरी, आणि ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येक वाक्य सुटं वाचलं तर बरोबरच वाटतं. खालची रीत दोन्हींसाठी आहे.

पहिलं काम: नाव आहे तसं उतरवून घ्या

प्रत्येक उल्लेखासाठी एक कार्ड किंवा एक्सेलमधली एक ओळ करा. रकाने सात: मूळ मजकुरातलं नाव जसंच्या तसं, त्याला लागलेलं बिरुद, हुद्दा, ठिकाण, घटनेची तारीख, मजकूर लिहिल्याची तारीख आणि मूळ इंग्रजी स्पेलिंग. जो रकाना भरता येत नाही तो कोरा सोडा. अंदाजाने भरलेला रकाना कोऱ्यापेक्षा वाईट, कारण महिन्याभराने तो अंदाज होता हे तुम्हालाही आठवत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान बिरुद गाळल्याने होतं. ‘ऑनरेबल’, ‘मार्क्विस’, ‘कॅप्टन’, ‘थर्ड बॅरोनेट’ हे शब्द भाषांतर करताना अडगळ वाटतात आणि सरसकट ‘साहेब’ होऊन बसतात. पण माणूस ओळखण्याची किल्ली बहुतेक वेळा तिथेच असते.

तारीख आधी, नाव मागाहून

‘गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज’ घ्या. वॉरन हेस्टिंग्ज १७८५ साली भारत सोडून गेले. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली तेव्हाचे गव्हर्नर जनरल म्हणजे फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज, मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. मराठी लेखनात या दोघांची सरमिसळ सहज होते. इथे एक सापळा आहे. ‘त्या वर्षी तो माणूस हयात होता का’ एवढीच तपासणी केलीत तर फसाल, कारण वॉरन हेस्टिंग्ज १८१८ च्या ऑगस्टपर्यंत इंग्लंडमध्ये जिवंत होते. म्हणून प्रश्न तीन विचारायचे: हयात होता का, त्या ठिकाणी होता का, आणि त्या हुद्द्यावर होता का. तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच नाव पक्कं.

हुद्द्याचं नुसतं साल पुरत नाही, महिना बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर फॉकलंड होते. जॉन एल्फिन्स्टन त्याच वर्षी डिसेंबरअखेरीस आले. यादीत ‘१८५३–१८६०’ वाचून आगगाडीचं श्रेय एल्फिन्स्टनना देऊन टाकणं फार सोपं आहे. गव्हर्नर वारला किंवा रजेवर गेला तर मधले काही महिने हंगामी माणूस असतो, तोही बघायचा. सर रॉबर्ट ग्रँट जुलै १८३८ मध्ये पदावर असतानाच वारले, तेव्हा जेम्स फॅरिश यांनी हंगामी कारभार पाहिला.

घटनेची तारीख आणि मजकुराची तारीख वेगळ्या ठेवण्याचं कारणही इथेच कळतं. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ला झाली. ती जिंकणारे आर्थर वेलस्ली १८०९ पर्यंत ‘वेलिंग्टन’ नव्हतेच. १८०३ ची म्हणून दाखवलेल्या कागदात ‘वेलिंग्टन’ नाव दिसलं तर तो कागद मागाहून केलेली नक्कल किंवा गोषवारा आहे असं समजा.

इंग्लंडमधल्या १७५२ आधीच्या तारखांना आणखी एक भानगड आहे. तिथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ ला मांडतो. त्या वेळच्या कागदांत तो १६४८ चा आहे. जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यातली तारीख असेल तर दोन्ही सालं लिहून ठेवा: १६४८/४९. बाप-लेकांचं नाव एकच असेल आणि बाप त्याच हिवाळ्यात वारला असेल, तर या एका वर्षाच्या फरकाने माणूस बदलतो.

बिरुदाचं व्याकरण

हे एकदा नीट शिकून घेतलं की निम्मे प्रश्न जागच्या जागी सुटतात.

‘सर’ नेहमी पहिल्या नावाला लागतं. सर बार्टल फ्रिअर, किंवा नुसतं सर बार्टल. ‘सर फ्रिअर’ असं कधीच नाही. ‘लॉर्ड’ मात्र किताबाला लागतं: लॉर्ड एल्गिन, लॉर्ड मिंटो. लॉर्डनंतर पहिलं नाव आलं, उदाहरणार्थ लॉर्ड विल्यम बेंटिंक, तर तो माणूस स्वतः उमराव (ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट किंवा बॅरन) नसून ड्यूकचा किंवा मार्क्विसचा धाकटा मुलगा असतो. बेंटिंक हे पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकचे दुसरे चिरंजीव. आपल्या पाठ्यपुस्तकांतलं ‘लॉर्ड बेंटिंक’ रूढ झालंय खरं, पण कॅटलॉगमध्ये शोधताना ते आडवं येतं.

‘ऑनरेबल’ हे व्हायकाउंट-बॅरनच्या मुलांना आणि अर्लच्या धाकट्या मुलांना मिळतं. इथे दोन एल्फिन्स्टन एका झटक्यात सुटे होतात. माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे धाकटे मुलगे. ते आयुष्यभर ऑनरेबल राहिले, ‘सर’ झाले नाहीत, ‘लॉर्ड’ही नाहीत. जॉन हे तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन. तेव्हा जुन्या इंग्रजी कागदात ‘लॉर्ड एल्फिन्स्टन, गव्हर्नर ऑफ बॉम्बे’ दिसलं की ते जॉन, साल बघायचीही गरज नाही. आणि मराठी पुस्तकात ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ दिसलं की लेखकाने कुठेतरी दोघांची गाठ मारली आहे हे ओळखा. त्या परिच्छेदातली बाकीची विधानंही एकेक करून तपासा. एक पथ्य मात्र पाळा: गव्हर्नरला पदामुळेही ‘ऑनरेबल’ म्हणत. म्हणून ‘ऑनरेबल द गव्हर्नर’ आणि ‘ऑनरेबल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ यांतला ऑनरेबल एकाच वजनाचा नाही.

वेलस्ली बंधूंना हीच फूटपट्टी लावा. १८०३ मध्ये मराठ्यांशी युद्ध सुरू असताना थोरले रिचर्ड कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होते आणि आर्थर दख्खनमध्ये लढत होते: ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात आडगाव, डिसेंबरात गाविलगड. कागदात ‘मार्क्विस वेलस्ली’ किंवा ‘लॉर्ड वेलस्ली’ असेल तर रिचर्ड. ‘मेजर जनरल वेलस्ली’ असेल तर आर्थर. ‘सर आर्थर’ हे १८०४ नंतरचं. १७९९ अखेरीपर्यंतचे ‘लॉर्ड मॉर्निंग्टन’ म्हणजे पुन्हा रिचर्डच. आणि १७९८ आधीच्या कागदांत आर्थर ‘वेस्ली’ असं आडनाव लावताना दिसतात. आणखी एक भाऊ हेन्रीही त्या काळात भारतात होता, त्यामुळे नुसतं ‘मिस्टर वेलस्ली’ वाचून आर्थरवर उडी मारू नका. सेनापतीला कुणी मिस्टर म्हणत नाही.

‘पहिला’ आणि ‘दुसरा’ यांवर विश्वास ठेवू नका

गाइडमध्ये छापतात: एल्गिन पहिले, एल्गिन दुसरे, मिंटो पहिले, मिंटो दुसरे, हार्डिंज पहिले, हार्डिंज दुसरे. पाठ करायला सोयीचं आहे, पण हे आकडे आपल्याकडच्या सोयीचे, तिकडच्या किताबांचे नव्हेत.

१८६२-६३ चे व्हाइसरॉय जेम्स ब्रूस हे आठवे अर्ल ऑफ एल्गिन. ते धर्मशाळेला वारले. १८९४ ते १८९९ चे व्हाइसरॉय त्यांचे चिरंजीव व्हिक्टर, नववे अर्ल. पुण्यात २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली आणि त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा कलकत्ता-सिमल्याला होते ते हे नववे. आणि अथेन्सच्या पार्थेननची शिल्पं उतरवून लंडनला नेणारे एल्गिन म्हणजे आठव्यांचे वडील थॉमस, सातवे अर्ल. ‘एल्गिन दुसरे’ म्हणून इंग्रजी कोशात शोधायला गेलात तर सतराव्या शतकातल्या माणसापाशी पोचाल.

मिंटोंचं आणखी अवघड, कारण दोघांचं पहिलं नावही गिल्बर्टच. १८०७–१३ चे गव्हर्नर जनरल पहिले अर्ल. १९०५–१० चे व्हाइसरॉय, मोर्ले-मिंटो सुधारणांमधले, चौथे अर्ल आणि पहिल्यांचे पणतू.

हार्डिंजच्या बाबतीत तर ‘दुसरे’ हा शब्द सरळ चुकीच्या माणसाकडे नेतो. हेन्री हार्डिंज (गव्हर्नर जनरल १८४४–४८) हे पहिले व्हायकाउंट. दुसरे व्हायकाउंट हार्डिंज म्हणजे त्यांचे मुलगे चार्ल्स स्ट्युअर्ट, जे भारतात वडिलांचे खासगी सचिव होते. १९१२ च्या डिसेंबरात दिल्लीत ज्यांच्या हत्तीवर बाँब पडला ते व्हाइसरॉय चार्ल्स हार्डिंज हे हेन्रींचे नातू, आणि त्यांचा किताब निराळा: बॅरन हार्डिंज ऑफ पेन्सहर्स्ट. शिवाय हे व्हाइसरॉय त्या दुसऱ्या व्हायकाउंटचेच चिरंजीव, म्हणजे बाप-लेक दोघंही चार्ल्स. तेव्हा ‘दुसरे’ ऐवजी ‘व्हाइसरॉय, १९१०–१६’ लिहा, प्रश्न मिटतो.

राजांचे आकडेही दोन राज्यांमुळे फसवतात. स्कॉटलंडचा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला आणि तिथे पहिला झाला. स्कॉटलंडचा स्वतःचा पहिला जेम्स १४३७ मध्येच मारला गेला होता. म्हणून ‘जेम्स पहिला’ लिहिताना राज्य सांगावंच लागतं. एडवर्डांची मोजणी नॉर्मन विजयानंतरची आहे, त्यामुळे १०६६ आधीचे तीन सॅक्सन एडवर्ड बिनआकड्याचे राहिले. ‘मेरी राणी’ हा शब्द तर वापरूच नये. इंग्लंडची पहिली मेरी (राज्य १५५३–५८), शिरच्छेद झालेली स्कॉटलंडची मेरी स्टुअर्ट (मृत्यू १५८७) आणि तिसऱ्या विल्यमसोबत गादीवर बसलेली दुसरी मेरी या तिघी राण्या. आणि ‘मेरी ट्यूडर’ म्हटलं तर आठव्या हेन्रीची मुलगीही निघते आणि फ्रान्सची राणी झालेली त्याची बहीणही.

आठव्या हेन्रीच्या दरबारातले थॉमस सोडवायला मृत्यूची सालं पुरतात: वुल्सी १५३०, मोर १५३५, क्रॉमवेल १५४०, क्रॅनमर १५५६. थॉमस वायट मात्र दोन आहेत, कवी वडील (मृत्यू १५४२) आणि १५५४ मध्ये मेरीविरुद्ध बंड करणारा मुलगा. थॉमस आणि ऑलिव्हर क्रॉमवेल यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे; ऑलिव्हर हा थॉमसच्या बहिणीच्या वंशातला, आणि ते आडनाव बहिणीच्या मुलाने मामाकडून उचललेलं. थोरल्या आणि धाकट्या पिटबद्दल फार बोलण्यासारखं नाही: १७८४ चा इंडिया अॅक्ट धाकट्याचा, आणि थोरला १७६६ पासून लॉर्ड चॅटम म्हणून सापडतो.

एक माणूस, दोन नावं

आता ती लपून राहणारी चूक. फ्रान्सिस रॉडन १८१३ मध्ये भारतात उतरले तेव्हा ते ‘अर्ल ऑफ मॉयरा’ होते. मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज ते नेपाळ युद्धानंतर झाले. नेपाळ युद्धाच्या टिपणात लॉर्ड मॉयरा आणि पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेच्या टिपणात लॉर्ड हेस्टिंग्ज, अशी एकाच माणसाची दोन कार्डं तयार होतात. मग कुणीतरी ‘मॉयरानंतर हेस्टिंग्ज आले’ असं वाक्यही लिहून मोकळं होतं.

सातारकर छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारातला ‘कॅप्टन जेम्स ग्रँट’ आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ‘ग्रँट डफ’ हेही एकच. डफ हे नाव त्याने साताऱ्याहून परतल्यावर, इस्टेट वारशाने मिळाली तेव्हा जोडलं. मुंबईचा ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज यांच्याशी त्याचा संबंध नाही, ते सर रॉबर्ट ग्रँट. या ग्रँट डफने आपल्या मुलाचं नाव आपल्या जुन्या वरिष्ठावरून ठेवलं: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. हे चिरंजीव १८८१–८६ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले. सूची करणाऱ्याने शेवटचे दोन शब्द गाळले की १८८५ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुन्हा गव्हर्नर! मधल्या नावांची काटछाट करायची नाही ती यासाठी.

उलट टोकाचं उदाहरण मुंबईचंच. जमशेटजी जीजीभॉय यांना १८५७ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब मिळाला. १८६० च्या कायद्याने असं ठरलं की पुढे जो वारस बॅरोनेट होईल त्याने आपलं मूळ नाव सोडून ‘सर जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचं. पहिले १८५९ मध्ये वारले आणि मुलगा कर्सेटजी हा दुसरा सर जमशेटजी झाला. जे. जे. रुग्णालयाला देणगी देणारे पहिले. पण १८८० किंवा १९०५ च्या वर्तमानपत्रातले सर जमशेटजी ते असूच शकत नाहीत. इथे ‘तिसरे बॅरोनेट’ असा क्रमांक लावणं भागच आहे, आणि शक्य तर मूळ नावही द्यावं.

मराठीने घातलेला गोंधळ

देवनागरीत काही वेगळी नावं एक होतात. १८४७-४८ आणि पुन्हा १८६०–६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेले जॉर्ज क्लार्क, आणि १९०७–१३ मधले, पुढे लॉर्ड सिडनहॅम झालेले जॉर्ज क्लार्क, या दोघांच्या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे. पहिल्यांचं Clerk, म्हणजे कारकुनासारखं, आणि दुसऱ्यांचं Clarke; म्हणायचं दोन्हीकडे क्लार्क. मराठीत दोघं जुळे भाऊ. १९०८ ला टिळकांना शिक्षा झाली तेव्हाचे गव्हर्नर दुसरे. म्हणून सातवा रकाना, स्पेलिंगचा, मराठी साधनावरून कधीच भरू नका. इंग्रजी कागद समोर आल्यावरच भरा.

क्रम उलटल्यानेही असंच होतं. १९१८ च्या अखेरीपासून १९२२ च्या ऑक्टोबरपर्यंत लंडनला पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज आणि मुंबईला गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड. त्या वर्षांतल्या मथळ्यात ‘लॉइड’ एवढंच असेल तर अख्खी बातमी वाचल्याशिवाय निर्णय नको. भाटघरच्या धरणाचं जुनं नाव लॉइड धरण, ते गव्हर्नरवरून.

पडताळणी आणि लेखन

नियुक्त्या आणि किताबांसाठी ‘लंडन गॅझेट’चे जुने अंक ऑनलाइन फुकट बघता येतात, तारीख तिथून घ्या. संसदेतल्या भाषणांसाठी हॅन्सार्ड, नातेसंबंधांसाठी ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोश. मुंबई इलाख्याच्या मूळ कागदांसाठी राज्य पुराभिलेख संचालनालयाचं मुंबई दफ्तर, जे योगायोगाने एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे, आणि पुण्याचं पेशवे दफ्तर. दोन साधनं एकमेकांवरून उतरवलेली असतील तर ती एकच धरा. सारखीच छपाईची चूक दोन्हीकडे सापडली की हे लगेच कळतं.

चित्रं शेवटी तपासा, कारण चूक तिथेच राहून जाते. कॉलेजच्या लेखात पुतण्याचं चित्र आणि स्टेशनच्या लेखात काकांचं, असं होऊ शकतं. विकिपीडियावर दुवा देताना नुसत्या ‘एल्फिन्स्टन’ला कधीच देऊ नका, तो निःसंदिग्धीकरण पानावर (एकाच नावाच्या लेखांची यादी देणाऱ्या पानावर) जाईल किंवा भलत्याच माणसावर, आणि विकिडेटावरची नोंद त्याच व्यक्तीला जोडलेली आहे का, हे जन्मसाल जुळवून पाहा.

लेखात पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव, आयुष्याची सालं आणि हुद्दा द्या: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९, मुंबईचे गव्हर्नर १८१९–२७). पुढे त्याच लेखात दुसरा एल्फिन्स्टन येणार असेल तर दोघांनाही पहिल्या नावाने संबोधा, एकाला आडनावाने आणि दुसऱ्याला नावाने असं नको. दोन्ही बाजू तपासूनही माणूस ठरत नसेल तर ‘एल्फिन्स्टन (बहुधा जॉन, कागदावर साल नाही, पण बिरुद लॉर्ड)’ असं कारणासकट लिहा. पुढच्या माणसाला साल सापडलं की तो ‘बहुधा’ खोडेल.